‘पी’वर अडलेला दांडा

श्रावणातली सकाळ. दादरा आणि नगर हवेलीतल्या गलोंड्यातलं एक घर, घरापुढे रस्त्याकडे जरासं उतरत गेलेलं अंगण आणि अंगणात गाडी, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. आत्या मुंबईहून निघाली आहे, तिला घ्यायला वापी स्टेशनवर जायचं आहे. काका किल्ली फिरवतात. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, ‘टक’ असा एक आवाज येतो आणि पुढे काही नाही. शेजारचे दोघं-तिघं लगेच जमतात. बंद पडलेल्या गाडीला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. “काका, न्यूट्रल करा, धक्का मारतो,” पुतण्या म्हणतो. काका ब्रेक दाबतात, गिअरचा दांडा ओढतात. हलत नाही. दोन्ही हातांनी ओढतात. तरी नाही. ‘पी’वर बसला तो बसलाच.

मग नेहमीचं सुरू होतं. कुणी म्हणतं, गिअरबॉक्स गेला. कुणी लाखभराचा आकडा सांगतं. कुणी बॉनेट उघडून आत डोकावतं, कारण गाडी अडली की बॉनेट उघडायचं असतं.

गिअरबॉक्स बहुधा शाबूत आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या ‘पी’ला एक कुलूप असतं आणि ते उघडायच्या आधी एक पुरावा मागतं: चालकाचा पाय ब्रेकवर आहे का? तो पुरावा पोचला नाही की दांडा हलत नाही. कुठे अडला हे शोधायचं, एवढंच आपलं काम. आणि त्याची खूण बॉनेटखाली नसते, गाडीच्या पाठीमागे असते.

तुमच्या गाडीला ‘पी’ आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्याकडे तो आधी विचारावा लागतो. २०१४ साली मारुती सुझुकीची सेलेरिओ ‘ऑटो गिअर शिफ्ट’ घेऊन आली आणि मध्यमवर्गीय घरात क्लच नसलेली गाडी शिरली. अशा गिअरबॉक्सला एएमटी म्हणतात; तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. अशा बहुतेक गाड्यांच्या दांड्यावर ‘आर’, ‘एन’ आणि ‘डी’ असतं, ‘पी’ नसतोच. अशी गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा.

‘पी’ असतो तो टॉर्क कन्व्हर्टरच्या, सीव्हीटीच्या आणि बहुतेक ड्युअल क्लचच्या गाड्यांना. विजेवरच्या गाड्यांनाही असतो, तिथे दांड्याऐवजी गोल खुंटी किंवा बटण असलं तरी. पुढचं सगळं या गाड्यांबद्दल आहे.

बोटाएवढं पोलाद

दांडा ‘पी’वर नेला की गिअरबॉक्सच्या आत पोलादाचा एक लहानसा खटका खाली येतो आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चक्रात अडकतो. रहाटाचं चाक मागे फिरू नये म्हणून दात्यात अडकवलेली खुंटी असते, तसंच. अख्ख्या गाडीचा भार या बोटाएवढ्या पोलादावर येतो.

त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, ‘पी’ फक्त इंजिनाने फिरणारी चाकं धरून ठेवतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागची दोन मोकळीच असतात. त्यांना धरतो तो हँडब्रेक. दुसरी, उतारावर हँडब्रेक न ओढता नुसत्या ‘पी’वर गाडी सोडली की ती खटक्यावर रेलते. दहा फुटांना एक फूट उतार असेल, तर ११०० किलोची गाडी साधारण ११० किलो जोराने खाली ओढ घेत असते. त्या ओढीने खटका दात्यात इतका घट्ट बसतो की कुलूप उघडलं तरी दांडा निघता निघत नाही आणि निघालाच तर ‘धाड’ असा आवाज करून निघतो.

हे कुलूप आलं कुठून

१९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हा त्याला ‘पी’ नव्हता. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सवर ठेवला की गाडी जागेवर राहायची. ‘पी’ नंतर आला. कुलूप तर त्याच्याही कितीतरी नंतर, आणि ते यायला एक बदनामी कारण झाली.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी वाढू लागल्या: ‘पी’वरून दांडा काढला की गाडी आपोआप सुसाट सुटते. नोव्हेंबर १९८६ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय घराघरांत पोचवला. अमेरिकेत ऑडीची विक्री १९८५ साली ७४ हजारांवर होती. १९९१ पर्यंत ती १२ हजारांवर घसरली. सरकारी वाहन सुरक्षा संस्थेचा अहवाल १९८९ मध्ये आला, तो निराळंच सांगत होता. गाडी वेडी झालेली नव्हती. बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पडत होता. गाडी सुटली की घाबरलेला माणूस तोच पाय आणखी जोराने दाबत होता.

तोवर ऑडीने उपाय करून टाकला होता. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा ‘पी’वरून हलूच नये, असं कुलूप १९८७ पासून जुन्या गाड्यांनाही बसवून दिलं. पाय खरोखर ब्रेकवर आहे, हे आता यंत्र तपासणार होतं. पुढे इतर कंपन्यांनी ते उचललं आणि १ सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत विकण्यासाठी बनणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते सक्तीचं झालं. ज्या ऑडीपायी हे सगळं घडलं, तिच्या गाड्या २००७ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातही जोडल्या जाऊ लागल्या. गलोंड्याच्या अंगणात काकांना अडवणारं कुलूप त्याच घराण्यातलं.

पुरावा कसा पोचतो

ब्रेकच्या पेडलवर, पायाच्या वरच्या अंगाला, एक छोटा स्विच असतो. पेडल दाबलं की तो दोन कामं करतो: मागचे लाल ब्रेक दिवे लावतो आणि गाडीच्या संगणकाला कळवतो की पाय ब्रेकवर आहे. संगणक दांड्याच्या बुडाशी असलेल्या सॉलेनॉइडला वीज देतो. सॉलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी खीळ. वीज आली की खीळ सरकते, ‘टिक’ वाजतं, दांडा मोकळा होतो.

वीज नसेल तर खीळ जागची हलत नाही, म्हणजे कुलूप बंदच राहतं. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. म्हणून बॅटरी उतरलेली गाडी ‘पी’वरून निघत नाही. विजेवरच्या गाडीतही हेच होतं. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तरी ‘पी’ सोडवायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी लागते. ती बसली की गाडी अडली.

आणि धक्क्याचं म्हणाल, तर ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही. चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचवायला गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब लागतो आणि तो दाब देणारा पंप इंजिनच फिरवतं. शेजाऱ्यांनी कितीही जोर लावला तरी घाम तेवढा निघेल.

तपासणी: आधी वीज, मग दिवा, मग टिक

पहिल्यांदा हँडब्रेक पूर्ण ओढा आणि उताराच्या बाजूने चाकांना दगड लावा. गाडीच्या पुढे-मागे मुलं, गुरं, माणसं नकोत.

आता वीज. किल्ली ‘ऑन’वर फिरवली आहे ना? बटणाने चालू होणारी गाडी असेल तर नुसतं ‘एसीसी’ पुरत नाही. हॉर्न वाजवा. तो खणखणीत वाजला तर बॅटरीत जीव आहे. घोगरा वाजला किंवा डॅशबोर्ड मिणमिणला तर आधी बॅटरी बघा. गाडी खिशातली किल्ली ओळखत नसेल तर किल्लीतला नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो.

मग दिवा. ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागे बघायला सांगा. बघणाऱ्याने गाडीच्या रेषेत उभं राहू नये, बाजूला राहावं. “काका, मागे बघा, लाल लागतोय का?” असं विचारायला कुणी नसेल तर मोबाइल व्हिडिओवर लावून मागच्या पायरीवर टेकवून ठेवा. भिंत जवळ असेल तर संधिप्रकाशात आरशातूनही तिच्यावरचा तांबडा उजेड दिसतो.

एकच दिवा लागत नसेल तर बल्ब गेला. त्याचा दांड्याशी संबंध नाही. वरच्या तिसऱ्या दिव्यासकट एकही लागत नसेल, तर संशय दोघांवर: फ्यूज किंवा स्विच. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा मॅन्युअलात ‘स्टॉप’ची जागा दाखवलेली असते. फ्यूजचा रंग म्हणजे त्याची ताकद: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. उडालेल्या रंगाचाच नवा घाला. जास्त ताकदीचा फ्यूज, तार किंवा सिगारेटची चांदी घालणं म्हणजे पुढे वायर जाळायला बोलावणं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायरला वायर लागते आहे. मागच्या बंपरवर हौसेने लावलेली एलईडी पट्टी ब्रेक दिव्याच्या वायरवर जोडलेली आहे का, ते आधी बघा.

पावसाळ्यात आणखी एक संशयित: उंदीर. दादरा आणि नगर हवेलीत वर्षाला २०० ते २५० सेंटीमीटर पाऊस पडतो. शेतातली बिळं भरली की उंदरांना कोरडी जागा लागते, आणि बॉनेटखाली कोरडं आणि ऊबदारही असतं. वायरचं कवच कुरतडलेलं दिसलं तर नुसता फ्यूज बदलून भागणार नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून वायर दुरुस्त करून घ्यावी लागते.

दिवे नीट लागत असतील तर कान लावा. इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’वर, पंखा आणि रेडिओ बंद. ब्रेक दाबताना दांड्याच्या बुडाशी ‘टिक’ ऐकू येतं का? येत असेल तर कुलूप उघडतंय, अडचण यांत्रिक आहे. दांड्यावरचं बटण पूर्ण दाबलं जात नसेल, आत सांडलेला चहा किंवा उसाचा रस वाळून चिकट झाला असेल, किंवा उतारावर खटका दात्यात रुतला असेल. ‘टिक’ येत नसेल तर सॉलेनॉइड, त्याची वायर किंवा त्याचा फ्यूज. पण स्विचला एवढ्यात निर्दोष ठरवू नका. काही गाड्यांत एकाच स्विचमध्ये दिव्यांचा आणि संगणकाचा असे दोन वेगळे जोड असतात. दिव्यांचा चांगला आणि संगणकाचा खराब, असंही होतं.

पेडल दगडासारखं कडक लागत असेल तर त्यालाही कारण आहे. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी संपते. मग हलक्या पायाने पेडल पुरेसं खाली जात नाही आणि स्विचला पाय कळतच नाही. तेव्हा एकदाच, पण जोर देऊन दाबा.

दांडा सहज हलतो, पण गाडी ‘पी’तच राहते, हा वेगळा आजार. दांड्यापासून गिअरबॉक्सला जाणारी केबल किंवा तिच्या टोकाची बुशिंग सुटलेली असते. तिथे घरगुती उपाय नाही.

प्लास्टिकची टिकली

आता परत अंगणात. काकांच्या गाडीचा हॉर्न घोगरा वाजला. बॅटरी उतरलेली. पण काल संध्याकाळी तर गाडी चांगली चालत होती! पुतण्या मोबाइलचा टॉर्च घेऊन पेडलपाशी वाकतो. पायपुसण्यावर दोन-तीन तपकिरी तुकडे पडलेले आहेत, वाळलेल्या बिस्किटाच्या चुऱ्यासारखे. बोटात धरले तर भुगा होतात.

ब्रेक पेडलच्या पट्टीला एक भोक असतं आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढी प्लास्टिकची टिकली बसवलेली असते. पेडल सुटून वर आलं की ही टिकली स्विचची दांडी दाबून धरते आणि दिवे विझतात. वर्षानुवर्षांच्या उष्म्याने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस टिकलीचा भुगा होतो. मग स्विचची दांडी भोकातून आरपार जाते. स्विचला वाटतं, पाय ब्रेकवरच आहे. दिवे जळतच राहतात.

काकांनी रात्री गाडी लावली ती पाठ कुंपणाकडे करून. लाल दिवे रात्रभर कुंपणाकडे तोंड करून जळत होते, घरातून कुणाला दिसणार? २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांत रिकामी. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला मेलेली.

यातली खरी गोम पुढेच आहे. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट दिला की काकांची गाडी चालू होईल आणि दांडाही लोण्यासारखा सरकेल, ब्रेकवर पाय नसतानासुद्धा! कारण स्विच अखंड खोटी साक्ष देतोय. सकाळी न उघडणारं कुलूप आता कायमचं उघडं आहे. आणि मागून येणाऱ्याला काका ब्रेक मारतायत की नाही, हे कळायची सोय उरलेली नाही. सिल्वासाच्या रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक मागे असताना ही गंमत परवडणारी नाही. भोकात बसेल असा बोल्ट घालून मागून नट आवळला, की गॅरेजपर्यंत काम भागतं. नवी टिकली मिळते किरकोळ किमतीत. महाग पडतं ते तिच्यावरून गिअरबॉक्स उघडून बसणं.

खटका रुतला असेल तर

गाडी उतारावर रुतली असेल तर दांड्याशी मारामारी करू नका. हँडब्रेक ओढलेला ठेवा, इंजिन चालू करा, ब्रेक पूर्ण दाबा आणि दोघांना गाडी चढाच्या बाजूला रेटायला सांगा. पण रेटणारे उतारावर, गाडीच्या खालच्या बाजूला उभे राहत असतील तर चाकांचे दगड पक्के हवेत. हँडब्रेक आणि ब्रेकवरचा पाय क्षणभर सैल करून गाडी बोटभर चढाकडे सरकली की ब्रेक पुन्हा दाबा; खटक्यावरचा भार जातो आणि दांडा निघतो.

हे टाळायचा क्रम सोपा आहे. उतारावर थांबल्यावर ब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय हळू सोडून गाडीला हँडब्रेकवर रेलू द्या, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. भार हँडब्रेकवर राहतो, खटका निवांत.

झाकलेलं भोक

कुलूप बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की वीज कधीतरी दगा देणारच. म्हणून दांडा असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्याच्या शेजारी नखाएवढं झाकण असतं. काहींवर ‘शिफ्ट लॉक’ असं इंग्रजीत लिहिलेलं, काहींवर काहीच नाही. नेमकी जागा मॅन्युअलात सापडते. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, पाय ब्रेकवर. झाकणाच्या कडेला फडकं ठेवून स्क्रूड्रायव्हरने ते उचका. भोकात स्क्रूड्रायव्हर किंवा किल्लीचं पातं सरळ खाली दाबून धरा, दांड्याचं बटण दाबा आणि दांडा ‘एन’वर आणा. बॅटरीत जीव असेल तर ऑटोमॅटिक गाडी ‘एन’मध्येही चालू होते.

बटणाने चालू होणाऱ्या गाडीत आणखी एक पेच पडतो. ब्रेकचा स्विच गेला की गाडीला पाय दिसत नाही, म्हणून इंजिनही चालू होत नाही. ह्युंदाईच्या काही गाड्यांच्या मॅन्युअलात यावर तोड दिलेली आहे: ‘एसीसी’वर असताना स्टार्टचं बटण १० सेकंद दाबून धरायचं. आपल्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतं, ते अडण्याआधी वाचलेलं बरं. गोल खुंटीच्या आणि बटणाच्या गिअरच्या गाड्यांना हे भोक सहसा नसतं. तिथे आधी वीज आणा.

या वाटेने सुटलेली गाडी दुरुस्त झालेली नसते. ब्रेक दिवे लागत नसतील तर ती थेट गॅरेजला न्या, तेही उजेडात. आणि काहीच जमलं नाही तर दोर बांधून टोचन लावू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. चाकं फिरवत ओढलेली ऑटोमॅटिक गाडी आतून झिजते, आणि ‘पी’वरच ओढली तर तो बोटाएवढा खटका मोडतो. किरकोळ टिकलीचं दुखणं तिथे खरोखर गिअरबॉक्सवर जातं. सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगा.

गॅरेजवाला गुजरातीत विचारेल, हिंदीत सांगेल, तुम्ही मराठीत उत्तर द्याल. या भागात ते चालून जातं. पण “गाडी पार्कमधून निघत नाही” एवढंच सांगू नका. हॉर्न कसा वाजला, मागचे दिवे लागले की नाही, ‘टिक’ आलं की नाही, ही तीन उत्तरं द्या. ती असली की चांगला कारागीर थेट पेडलपाशी वाकेल.

आणि आज रात्री गाडी लावल्यावर किल्ली खिशात टाकून सरळ घरात शिरू नका. एकदा गाडीच्या मागे चक्कर मारा. लाल दिवा विझलेला दिसला की मग दार लावा.